गोळीचा रंग बदलला आणि दुखणी वाढली : आजार, भीती आणि बातम्यांचा हिशोब

थायरॉइडची गोळी आज आपल्या मोहल्ल्यात घरोघरी आहे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मग अर्धा-पाऊण तास चहाला हात लावायचा नाही, हे अम्मी-खालांना पाठ झालंय. पण मेडिकलवाल्याने एखाद्या महिन्यात वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची गोळी हातात ठेवली की घरात पहिलं वाक्य येतं, "ये वो वाली नहीं है." मग दोन दिवसांनी थकवा जाणवतो, आठवड्याने केस गळायला लागतात, आणि सगळा दोष त्या नव्या गोळीच्या माथी. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. न्यूझीलंडमध्ये हे अख्ख्या देशात एकाच वेळी घडलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

तिथे थायरॉइडचे रुग्ण वर्षानुवर्षे 'एल्ट्रॉक्सिन' नावाची गोळी घेत होते. २००७ साली कंपनीने ही गोळी बनवण्याचं काम कॅनडातून जर्मनीला हलवलं. गोळीतलं मुख्य औषध तेच राहिलं. बदललं ते गोळीला आकार देणारं भरण, ज्याचा औषधाशी संबंध नसतो. त्यामुळे पिवळी गोळी पांढरी झाली आणि तोंडात विरघळताना वेगळी लागू लागली. बदल एवढाच.

पुढचे आकडे बघा. आधीच्या ३० वर्षांत या गोळीबद्दल दुष्परिणामाच्या १४ तक्रारी सरकारदरबारी नोंदल्या गेल्या होत्या. नवी गोळी आल्यानंतरच्या १८ महिन्यांत १,४०० हून जास्त तक्रारी आल्या. वजन वाढतंय, सांधे दुखतात, खाज सुटते, डोळे चुरचुरतात, मन लागत नाही. गोळ्यांची तपासणी झाली, औषधाचं प्रमाण बरोबर निघालं. तरी तक्रारी थांबेनात, कारण मधल्या काळात वर्तमानपत्रं आणि टीव्ही यांनी विषय उचलून धरला होता. ज्या भागात बातम्या जास्त, त्या भागातून तक्रारीही जास्त, असं दिसत होतं.

ऑकलंड विद्यापीठातल्या केट फास, किथ पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एक साधा पण हुशारीचा प्रश्न विचारला. टीव्हीवर ज्या त्रासांची नावं घेतली गेली ते त्रास, आणि ज्यांची नावं घेतली गेली नाहीत ते त्रास, या दोन्हींच्या तक्रारी कार्यक्रमानंतरच्या महिन्यात सारख्याच वाढल्या का? गोळीच खराब असेल तर दोन्ही सारख्याच वाढायला हव्यात, कारण गोळीला टीव्ही दिसत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उत्तर स्पष्ट होतं. टीव्हीने ज्यांची नावं घेतली, त्या त्रासांच्या तक्रारी वाढल्या.

लोक खोटं बोलत होते का? अजिबात नाही. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर घरातली सून किंवा म्हातारी दादी दुखतंय म्हणाली की "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणून आपण मोकळे होतो. ते त्रास खरे होते. पेट्री यांच्याच गटाने पुढे सुमारे १,००० सर्वसाधारण लोकांना विचारलं की गेल्या आठवड्यात तुम्हाला काय काय झालं? पाठदुखी, थकवा, डोकेदुखी असं काही ना काही १० पैकी जवळपास ९ जणांना झालं होतं, आणि सर्वसाधारण माणसाच्या खात्यात आठवड्याला पाच त्रास निघाले. म्हणजे अंग दुखणं, थकणं हे चालूच असतं. आपण त्याकडे लक्ष देत नाही, दिलं तरी "काल जागरण झालं होतं" म्हणून सोडून देतो. गोळी बदलली आणि टीव्हीने यादी वाचून दाखवली की तेच जुनं दुखणं एका नव्या कारणाला जाऊन चिकटतं. त्यात काळजीने आणखी भर पडते. अपेक्षेमुळे होणाऱ्या अशा त्रासाला शास्त्रज्ञ 'नोसिबो' म्हणतात. साध्या साखरेच्या गोळीने बरं वाटतं, त्या 'प्लासिबो'चा हा उलटा भाऊ.

बातमी आली, गोळी सुटली

न्यूझीलंडचा किस्सा गमतीचा वाटला तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं प्रकरण ऐका, त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, शुगर असलेल्या लाखो लोकांना डॉक्टर 'स्टॅटिन' गटातली गोळी देतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन लेख आले. स्टॅटिन घेणाऱ्या १८ ते २० टक्के लोकांना दुष्परिणाम होतात, असा दावा त्यात होता. पुढचे सहा महिने ब्रिटिश वर्तमानपत्रांत याच विषयावर रण माजलं. मे २०१४ मध्ये तो आकडा मागे घेण्यात आला, कारण मूळ अभ्यासातून तो निघतच नव्हता. पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

किती झालं, ते २०१६ मध्ये कळलं. संशोधकांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. नव्याने गोळी सुरू करणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. पण जे आधीपासून घेत होते, त्यांनी गोळी सोडण्याचं प्रमाण त्या गदारोळानंतर ११ ते १२ टक्क्यांनी वाढलं. ज्यांना आधी अटॅक येऊन गेला होता, म्हणजे ज्यांना गोळीची सर्वांत जास्त गरज होती, तेही यात होते. संशोधकांच्या अंदाजाने सहा महिन्यांत दोन लाखांहून जास्त लोकांनी गोळी बंद केली. ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास एका टीव्ही कार्यक्रमाने स्टॅटिनवर शंका घेतली आणि तिथेही औषधाचा खप घसरला. पुढे त्या वाहिनीने स्वतःच्या निःपक्षपणाच्या नियमाचा भंग झाला म्हणून ते भाग काढून टाकले.

डेन्मार्कचा अभ्यास आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका बातमीवर थांबत नाही. १९९५ ते २०१० या काळात स्टॅटिन सुरू केलेल्या पावणेसात लाख लोकांच्या नोंदी आणि त्याच काळातल्या स्टॅटिनविषयीच्या बातम्या त्यांनी समोरासमोर ठेवल्या. नकारात्मक बातम्या जास्त असल्या की लोक सुरुवातीलाच गोळी सोडत. चांगल्या बातम्या जास्त असल्या की टिकून राहत. परिणाम प्रत्येक माणसामागे छोटा होता, पण माणसं लाखांत होती. आणि ज्यांनी लवकर गोळी सोडली, त्यांच्यात पुढे हार्ट अटॅकचं आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त आढळलं.

आता कोणी म्हणेल, "पण मला खरंच पाय दुखले हो त्या गोळीने." याचं उत्तर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी शोधलं, आणि ते शोधण्याची पद्धत शाळेतल्या मुलांनाही समजावी इतकी सरळ आहे. ज्यांनी दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडली होती अशी ६० माणसं त्यांनी घेतली. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि चार बाटल्या रिकाम्या. भरलेल्या बाटलीत कोणती गोळी आहे ते रुग्णाला माहीत नसे. रोज संध्याकाळी मोबाइलवर आपल्या त्रासाला ० ते १०० मधले गुण द्यायचे. वर्षाअखेर सरासरी काढली. रिकाम्या महिन्यांत त्रास ८, बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांत १५.४, आणि खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्याने जो त्रास वाढला, त्यातला ९० टक्के भाग बिनऔषधाच्या गोळीनेही तसाच आणला! रुग्णांना हे त्यांचे स्वतःचे आकडे दाखवले. सहा महिन्यांत निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

उरलेल्या निम्म्यांनी केली नाही, हेही लिहिलं पाहिजे. आणि औषधांचे खरे दुष्परिणाम असतातच, स्टॅटिनचेही काही जणांत असतात. त्यामुळे त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायचंच. आमची हरकत आहे ती एकाच गोष्टीला. डॉक्टरांना न सांगता, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओवर यकीन ठेवून गुपचूप गोळी बंद करायची, आणि तीन महिन्यांनी तपासणीला गेल्यावर "घेतोय ना साहेब" म्हणायचं.

बातमीत कोण मरतो, घरात कोण मरतो

बातमीचा एवढा परिणाम का होतो? यामागे मनाची एक जुनी सवय आहे. एखादी गोष्ट किती वेळा घडते, हे आपण मोजत नाही. तिची उदाहरणं किती चटकन आठवतात, त्यावरून अंदाज बांधतो. अमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल काह्नमन यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिलं. काह्नमन यांना पुढे २००२ मध्ये नोबेल मिळालं, ट्वेर्स्की तोवर हयात नव्हते.

१९७८ मध्ये अमेरिकेत सारा लिक्टेनस्टाइन, पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, अमक्या कारणाने जास्त माणसं मरतात की तमक्या? लोकांना वाटलं, अपघात आणि आजार यांनी सारखीच माणसं मरत असतील. प्रत्यक्षात आजारांनी मरणारे सुमारे १६ पट जास्त होते. चक्रीवादळाचे बळी दम्यापेक्षा जास्त वाटले, खरे आकडे उलटे होते, दम्याचे बळी २० पट. खून, वादळ, अपघात यांचा अंदाज फुगलेला, आणि शुगर, दमा, लकवा यांचा दबलेला.

मग बार्बरा कोम्ब्स आणि स्लोविक यांनी अमेरिकेच्या दोन टोकांची दोन वर्तमानपत्रं उघडली आणि मृत्यूच्या बातम्या मोजल्या. त्या देशात आजाराने मरणारे खुनाने मरणाऱ्यांपेक्षा सुमारे १०० पट होते. बातम्या मात्र खुनाच्या तिप्पट! १९७९ चा हा अभ्यास आहे. तेव्हा टीव्हीवर चोवीस तास बातम्या नव्हत्या, व्हॉट्सॲप तर नव्हतंच. तुम्ही उद्याचं वर्तमानपत्र घेऊन हाच प्रयोग घरी करा. मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि मोजायला सांगा. शुगरने गेलेल्या किती माणसांची बातमी सापडते ते बघा. सापडली तर ती फारतर निधनवार्तेत 'अल्पशा आजाराने' म्हणून असेल, आणि तो 'अल्पसा' आजार पंधरा वर्षं घरात राहिलेला असतो.

याच स्लोविक यांनी १९८७ मध्ये लिहिलं की सामान्य माणसाला धोका मोठा वाटतो तो दोन कारणांनी. एक, तो धोका अंगावर काटा आणणारा असावा, एकदम पुष्कळांना मारणारा, आपल्या हातात नसलेला. दुसरं, तो नवा आणि अनोळखी असावा. आता या दोन मापांवर शुगर आणि बीपी ठेवून बघा. दोन्ही ओळखीचे, घरचेच झालेले, हळू चालणारे. अब्बांना होती, चाचांना आहे, आपल्यालाही होणार, त्यात काय. काटा येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. १० कोटींहून जास्त भारतीयांना शुगर, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर, आणि ३१ कोटी ५० लाख लोकांना बीपी. एवढ्या संख्येने एखादा नवा विषाणू पसरला असता तर आपण दाराला कड्या लावून बसलो असतो.

त्यात भर म्हणजे "मला नाही होणार" ही खात्री. नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमच्या बरोबरीच्या मुलांच्या तुलनेत तुमच्या आयुष्यात वाईट गोष्टी होण्याची शक्यता किती? बहुतेकांनी सांगितलं, इतरांपेक्षा कमी. सगळेच सरासरीपेक्षा सुरक्षित कसे असतील? गणिताच्या पेपरात हे उत्तर चूक धरावं लागेल. पण मन गणिताने चालत नाही.

"बीपी वाढलं की मला कळतं"

संशोधनातला हा भाग सगळ्यात कामाचा आहे, कारण तो थेट आपल्या स्वयंपाकघरातल्या औषधाच्या डब्याशी येऊन भिडतो. हॉवर्ड लेव्हेंथल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सांगितलं की प्रत्येक रुग्णाच्या डोक्यात स्वतःच्या आजाराचं एक चित्र असतं. डॉक्टरांच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, माणूस वागतो त्या चित्राप्रमाणे. या आजाराचं नाव काय आणि तो ओळखायचा कशावरून, तो झाला कशामुळे, किती दिवस राहणार, त्याने काय बिघडणार, आणि तो आटोक्यात येतो का, अशा पाच प्रश्नांची उत्तरं त्या चित्रात असतात. चूक असली तरी पक्की असतात.

१९८५ मध्ये त्यांच्या गटाने बीपीच्या रुग्णांचा अभ्यास केला. "बीपी वाढलेलं माणसाला कळत नाही," हे वाक्य पाचपैकी चार रुग्णांना मान्य होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. पण स्वतःबद्दल विचारलं तर बहुसंख्य म्हणाले, मला मात्र कळतं. डोकं जड होतं, चेहरा गरम होतो. आता पुढचं ओघानेच आलं. डोकं जड नाही म्हणजे बीपी नाही, म्हणजे आज गोळी नको. आपल्या ओळखीत अशी किती माणसं आहेत, मनातल्या मनात मोजा. बीपी मात्र त्या दिवशीही नसांवर आपलं काम करतच असतं, डोकं जड असो वा हलकं.

दम्याचंही तसंच. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दम्यासाठी भरती झालेल्या रुग्णांना विचारलं, तेव्हा ५३ टक्के लोकांचं मत निघालं की दम लागतो तेव्हाच दमा असतो, एरवी नसतो. अशी समजूत असलेली माणसं रोजचा पंप कमी घेत होती. २००६ च्या त्या अभ्यासाचं शीर्षकच होतं, 'लक्षणं नाहीत तर दमाही नाही'. आपल्याकडे तर पंपाची आणखी एक भीती, "एकदा लावला की सवय लागते." त्यामुळे पंप कपाटात, आणि पोरगं रात्री दोन वाजता रिक्षात.

'किती दिवस राहणार' या प्रश्नावर तर मोठा बाजार उभा आहे. मलेरियाची गोळी काही दिवसांत संपते, तापाची संपते, मग शुगरची का संपत नाही? रुग्णाच्या मनातल्या चित्रात आजाराला शेवट हवा असतो, आणि जाहिरात नेमका तोच शेवट विकते. 'चाळीस दिवसांत शुगर मुळापासून गायब', 'गोळ्या कायमच्या बंद'. १९५४ सालापासून देशात चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. ५४ आजारांची यादी त्याला जोडलेली आहे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही त्यात आहेत. त्यांच्यावर इलाजाचा दावा करून जाहिरात करणं गुन्हा आहे. तरी ती पावडर प्रत्येक ग्रुपवर फिरते, कारण ती मनातल्या चित्राशी जुळते आणि डॉक्टरांची "आयुष्यभर घ्या" ही गोष्ट जुळत नाही.

चित्र बदलता येतं, ही दिलाशाची बाब. ऑकलंडमध्येच पेट्री यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ६५ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांशी रुग्णालयातच तीन बैठकांत बोलणं झालं. तुम्हाला काय वाटतं, अटॅक कशाने आला? आता हृदयाचं काय होणार? जी समजूत चूक, ती शांतपणे दुरुस्त केली. ही माणसं बाकीच्यांपेक्षा लवकर कामावर परतली आणि छातीत दुखण्याची तक्रारही त्यांच्यात कमी होती. औषध दोन्ही गटांना नेहमीचंच होतं, जादा मिळालं ते एवढं बोलणं. आपल्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरसमोर शंभर माणसांची रांग असते, तिथे तीन बैठका कुठून आणायच्या, हा प्रश्न आहेच. पण पहिला प्रश्न विचारायला घरातलं कोणीही चालतं. "अब्बा, ही गोळी कशासाठी आहे असं तुम्हाला वाटतं?" उत्तर ऐकून थक्क व्हाल.

घाबरवून काय होतं

आपली नेहमीची पद्धत म्हणजे घाबरवणं. "पाय कापावा लागेल, किडनी जाईल, आंधळे व्हाल." तरुणपणी लेव्हेंथल यांनी हेच तपासलं होतं. १९६५ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लसीची माहिती दिली. काहींना भयानक फोटोंसह, काहींना सौम्य शब्दांत. भयानक फोटो बघितलेले जास्त घाबरले, लस घ्यायलाच हवी असं जास्त जोराने म्हणाले. प्रत्यक्षात लस घेतली फक्त ३ टक्क्यांनी. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना त्याच माहितीसोबत विद्यापीठाचा नकाशा दिला, दवाखान्यावर गोल करून, आणि सांगितलं की तुमच्या वेळापत्रकात बघून कधी जाणार ते ठरवा. त्यांच्यापैकी २८ टक्क्यांच्या आसपास गेले. दवाखाना कुठे आहे हे सगळ्यांना आधीच माहीत होतं बरं का! शेवटच्या वर्षाची मुलं ती. भीती जास्त की कमी, याने जाण्या-न-जाण्यात फरक पडला नाही. कधी आणि कसं जायचं, हे ठरल्याने पडला.

म्हणून "शुगर तपासा हो" असं महिनाभर बजावण्यापेक्षा "जुम्याला सकाळी नाश्त्याआधी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये, रिक्षा मी आणतो" हे एक वाक्य जास्त काम करतं.

टक्के वाचताना

बातमीतल्या टक्क्यांचंही थोडं बघू. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं की सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. जगभर मथळे झळकले की मांस तंबाखूइतकंच घातक. पुरावा किती पक्का आहे, या बाबतीत दोन्ही एका गटात ठेवले होते. धोका किती मोठा, हा वेगळाच प्रश्न, त्यात तंबाखू कितीतरी पुढे आहे. आणि १८ टक्के म्हणजे किती? ब्रिटनसारख्या देशात १०० पैकी साधारण ६ जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. ६ चे १८ टक्के म्हणजे साधारण १. सगळ्या १०० जणांनी रोज ते मांस खाल्लं तर ६ चे ७ होतील. हे लक्षात घेण्यासारखं आहे, पण घाबरून जाण्यासारखं नाही. आपल्या घरचं ताजं मटण या गटात येत नाही, ते त्याच्या खालच्या, 'बहुधा' म्हटलेल्या गटात आहे. म्हणून सवलत मिळाली असं समजून रोज हंडी चढवायची असंही नाही. कितीने वाढलं, हे बातमी सांगते. आधी किती होतं, हे आपण विचारायचं असतं.

हीच पट्टी आता रोजाला लावू, कारण रमजान आणि शुगर हा विषय आपल्याशिवाय कोण काढणार? २००१ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेही रुग्णांची पाहणी झाली. टाइप २ शुगर, म्हणजे नेहमी दिसणारी, असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते. त्यांच्यात साखर धोकादायक खाली जाऊन भरती व्हावं लागण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झालं. साडेसात पट ऐकून धडकी भरते. आधी किती होतं? महिन्याला १०० मागे ०.४. रमजानमध्ये ३. म्हणजे ९७ जणांना काही झालं नाही, आणि तेच ९७ जण पुढच्या वर्षी सांगतात, "मी तर सगळे रोजे ठेवले, काही होत नाही." त्यांचं खरं आहे. उरलेल्या तिघांचंही खरं आहे. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या टाइप १ रुग्णांमध्ये हा आकडा १०० मागे ३ वरून १४ वर गेला होता. तिथे "काही होत नाही" हे वाक्य बोलूच नये.

आपण त्या तिघांतले की सत्त्याण्णवांतले, हे मशिदीच्या ओट्यावर ठरत नाही. वय, शुगर किती वर्षांची, कोणती गोळी, इन्सुलिन आहे का, किडनी कशी आहे, यावर ते अवलंबून असतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी खास मार्गदर्शिका काढली आहे, तिची नवी आवृत्ती २०२१ ची. तिच्यात या सगळ्याला गुण देऊन रुग्ण कोणत्या गटात बसतो ते ठरवायची पद्धत दिलेली आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा, गोळीच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्या, असं ती सांगते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यात लिहिलं आहे. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला दिलेली सवलत सगळ्यांना माहीत आहे. पण "सवलत घेणारा मी नव्हे, मी कुठे आजारी आहे?" हा लेव्हेंथल यांच्या पहिल्या प्रश्नाचाच भाग झाला. ज्याच्या मनातल्या चित्रात शुगर हा आजारच नाही, त्याला सवलत लागू कशी वाटेल?

आपल्या मशिदींत रजबच्या सुरुवातीलाच जुम्याच्या बयानानंतर पाच मिनिटं मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना दिली, तर हा सहा-आठ आठवड्यांचा हिशोब जुळू शकतो.  सोबत कागदावर डॉक्टरांचं नाव, बसण्याची वेळ आणि दवाखान्याचा पत्ता लिहून द्यावा. पत्ता सगळ्यांना माहीत असला तरी.